क्रूझ कंट्रोल आपोआप सुटतंय? आधी त्याला सोडवतंय कोण ते शोधा

तुमचा प्रश्न नीट वाचला. आधी तो माझ्या शब्दात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल आणि मला काही चुकीचं समजलं असेल तर तुम्ही सांगू शकाल. पुणे-बेंगळुरू रस्त्यावर साताऱ्याच्या पुढे ताशी ८० किमीला क्रूझ कंट्रोल (मूठ न पिळता ठरवलेला स्पीड धरून ठेवणारी सोय) लावलं की पाच-दहा मिनिटांत ते आपलं आपणच सुटतं, मीटरवरची हिरवी खूण पांढरी होते, परत सेट दाबलं की लागतं, परत थोड्या वेळाने सुटतं. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, एकही कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाड) निघाला नाही, आणि आता ते म्हणतायत की डाव्या हँडलची अख्खी स्विच असेंब्ली (सगळ्या बटणांचा एकत्र संच) बदलून बघू. गाडी ट्विन सिलिंडर ॲडव्हेंचर टूरर मोटरसायकल, राइड बाय वायर (मुठीला केबल नाही, मूठ किती पिळली ते सेन्सर कळवतो), चारेक वर्षं जुनी. मध्यंतरी तुम्ही छोटे लिव्हर, हँडगार्ड, फॉग लाइट आणि ब्रेक लाइटवाला टॉप बॉक्स (मागची सामानाची पेटी) बसवलाय.

असेंब्ली घेऊ नका. निदान अजून तरी नको.

कारण सांगतो. सेट दाबल्यावर दर वेळी क्रूझ लागतंय ना, मग सेटचं बटण, त्याची वायर आणि क्रूझचा मेन स्विच हे सगळं ठीक आहे. त्याच असेंब्लीत कॅन्सलचं बटणही असतं आणि ते पाण्याने किंवा धुळीने अर्धवट दाबलेलं राहू शकतं, ही शक्यता मी नाकारत नाही, पण माझ्याकडे वर्कशॉपला टूरिंगच्या ज्या गाड्या येतात त्यात हे कारण क्वचितच निघतं. बहुतेक वेळा क्रूझमध्ये बिघाड नसतोच. राइड बाय वायर गाडीत क्रूझला वेगळी मोटर नाही, वेगळी केबल नाही, तो ईसीयूमधला (इंजिनच्या कॉम्प्युटरमधला) एक प्रोग्रॅम आहे आणि थ्रॉटल (इंजिनची हवेची झडप) उघडणारी मोटर तीच, जी तुम्ही मूठ पिळल्यावर चालते. ती मोटर खराब असती तर गाडी नुसती चालवतानाही रडली असती.

क्रूझ म्हणजे घरातलं सगळ्यात सावध माणूस समजा, कुठे खुट्ट झालं की उठून दार लावून घेणारं. पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, क्लच, थ्रॉटलची मूठ, दोन्ही चाकांचे स्पीड सेन्सर, ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारी सिस्टीम), एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी), गिअर पोझिशन, साइड स्टँड, किल स्विच (इंजिन लगेच बंद करणारा), यातल्या कुणाहीकडून जरा वेगळा सिग्नल आला की ते सोडून देतं, आणि ते तसंच असायला पाहिजे.

आता कोड का निघत नाही ते बघा, कारण सगळी गोम इथेच आहे. ब्रेकचा स्विच क्षणभर चालू झाला आणि क्रूझ सुटलं, तर ईसीयूच्या दृष्टीने काय घडलं? रायडरने ब्रेक लावला, मी क्रूझ सोडलं. यात चूक काहीच नाही, मग तो कोड कशाचा लिहिणार? कोड कधी येतो, तर वायर तुटली, सेन्सरचं रीडिंग शक्यतेच्या बाहेर गेलं, किंवा दोन रीडिंग एकमेकांशी जुळली नाहीत तर. म्हणून "कोड नाही म्हणजे स्विच असेंब्ली" हा तर्क मला पटत नाही. उलट कोड नसणं हाच पुरावा आहे की ईसीयूला कुठून तरी अगदी नॉर्मल दिसणारा सोडायचा सिग्नल मिळतोय. तो कुठून येतोय हे शोधायचं, एवढंच काम.

थोडं परिस्थितीवरही अवलंबून आहे ते आधीच सांगतो. प्रत्येक गाडीच्या क्रूझच्या अटी वेगळ्या असतात. काहींना तिसरा गिअर किंवा वरचा लागतो, काहींना चौथा, कमीत कमी स्पीडही कंपनीप्रमाणे बदलतो, काही गाड्या रेन मोडमध्ये किंवा ट्रॅक्शन बंद केल्यावर क्रूझ देतच नाहीत. हे सगळं तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये एका पानावर असतं, ते पान आधी वाचा. तुमच्या केसमध्ये क्रूझ लागतंय आणि नंतर सुटतंय, म्हणजे अटी पूर्ण होतायत, त्यामुळे मी तिकडे जास्त वेळ घालवत नाही.

पहिलं काम पैसे न लागणारं. जुने कंपनीचे लिव्हर घरात असतील ना? दोन्ही परत लावा आणि एक चक्कर मारून या. गाडीतलं सगळं सोडून मी इथून सुरुवात का करतोय, तर छोटे लिव्हर हे क्रूझ सुटण्याचं मी बघितलेलं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. पुढच्या ब्रेक लिव्हरच्या मुळाशी खालच्या बाजूला एक छोटा मायक्रोस्विच असतो, एक-दोन बारीक स्क्रूंवर बसवलेला, आणि लिव्हरला एक टोक असतं ते त्या स्विचची पिन दाबून धरतं. लिव्हर ओढला की टोक सरकतं, पिन मोकळी होते, ब्रेक लाइट लागतो. पुण्यात नाना पेठेत किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या लिव्हरमध्ये ते टोक अर्धा मिलिमीटर जरी कमी असलं तरी पिन पूर्ण दाबली जात नाही, उंबरठ्यावर बसते. उभ्या गाडीवर सगळं व्यवस्थित दिसतं, ब्रेक लाइट लागतो, विझतो. पण सहाव्या गिअरला ८०च्या स्पीडला ट्विन इंजिनची जी बारीक थरथर हँडलपर्यंत येते, त्यात लिव्हर हलतो, पिन क्षणभर सुटते, झालं. क्लचच्या बाजूलाही अगदी हेच.

लिव्हर बदलताना पिव्हटचा बोल्ट (ज्यावर लिव्हर फिरतो तो) बघून घ्या, तो कोरडा पडून लिव्हर जड परत येत असेल तर तेही कारण असू शकतं. साफ करून थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. स्विचमध्ये मात्र ऑइल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो, तिथे फक्त कॉन्टॅक्ट क्लीनर. आणि केबलचा क्लच असेल तर लिव्हरच्या टोकाला साधारण १०-१५ मिमी फ्री प्ले (क्लच ओढला जाण्याआधीची मोकळी हालचाल) आहे का बघा (तुमच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम धरा). प्ले शून्य असेल तर लिव्हर पूर्ण बाहेर येत नाही आणि क्लच स्विच कायम "कदाचित" वर लटकलेला राहतो.

लिव्हर बदलून प्रश्न गेला तर शोध संपला, छोटे लिव्हर हवेच असतील तर चांगल्या फिटिंगचे घ्या आणि बसवताना त्या पिनकडे बघून घ्या.

गेला नाही तर दुसरा प्रयोग, यालाही खर्च नाही, फक्त एक मित्र लागतो. सकाळी लवकर, कोरड्या रस्त्यावर, रहदारी कमी असताना त्याला तुमच्या मागे सुरक्षित अंतर ठेवून यायला सांगा, हेल्मेटला किंवा हँडलला कॅमेरा असेल तर फारच चांगलं. तुमच्याकडे इंटरकॉम असेल तर क्रूझ सुटलं की लगेच "सुटलं" म्हणा. त्या क्षणी तुमचा ब्रेक लाइट लुकलुकला का, एवढंच बघायचं. लुकलुकला तर संशयित दोनच, पुढचा स्विच आणि मागचा स्विच (आणि तुमच्या बाबतीत टॉप बॉक्सची वायर, त्यावर पुढे येतो). लाइट अजिबात हलला नाही तर क्लच, थ्रॉटलची मूठ किंवा चाकाचे सेन्सर यांच्याकडे वळायचं. एक अपवाद ध्यानात ठेवा, काही गाड्यांच्या ब्रेक स्विचमध्ये दोन कॉन्टॅक्ट असतात, एक लाइटसाठी आणि एक ईसीयूसाठी, तिथे लाइट न लागताही ईसीयूला ब्रेक "दिसू" शकतो. पण या प्रयोगातून अर्धी यादी सहसा कटते.

त्याच चक्करमध्ये तुम्ही स्वतः दोन गोष्टी करून बघा. क्रूझ लावल्यावर उजवा पाय ब्रेक पेडलवरून पूर्ण उचलून फूटरेस्टवर मागे घ्या. टूरिंगचे जाड बूट घातले की पुढची टोपी नकळत पेडलवर टेकलेली असते, आपल्याला जाणवतही नाही, आणि मागचा ब्रेक स्विच जर लवकर लागणारा असेल तर प्रत्येक धक्क्याला तो चालू होतो. दुसरं, उजव्या हाताची दोन बोटं ब्रेक लिव्हरवर ठेवायची सवय असेल तर ती काढून मुठीवर घ्या. चांगली सवय आहे ती, गावातून जाताना ठेवाच, पण हा प्रयोग होईपर्यंत नको.

मूठ हा वेगळाच विषय आहे आणि बऱ्याच जणांना माहीत नसतो. राइड बाय वायर गाड्यांत थ्रॉटल पूर्ण बंद झाल्यावरही मूठ आणखी थोडी पुढच्या दिशेला फिरते, तिथे स्प्रिंगचा हलका विरोध जाणवतो. ती तशी फिरवली की क्रूझ सुटतं. ही सोय मुद्दाम दिलेली आहे, ब्रेक न लावता, मागच्याला ब्रेक लाइट न दाखवता सावकाश क्रूझमधून बाहेर पडता यावं म्हणून. पण क्रूझ लागल्यावर आपण निवांत होतो, हाताचं सगळं वजन मुठीवर टाकतो, मनगट पुढे झुकतं, आणि पुलाचा जॉइंट आला की मूठ तेवढी पुढे जाते. थंडीचे जाड ग्लोव्ह्ज असतील तर जास्तच. कुणी मुठीवर तळहात टेकवायचं ते प्लॅस्टिकचं पातं लावतात, तेही क्रूझ असलेल्या गाडीवर काढून टाकावं. तुम्ही क्रूझ लावून उजवा हात मुठीवरून फक्त हलका, जवळजवळ तरंगता ठेवा (सोडू नका), आणि तरी सुटतंय का बघा.

हँडगार्ड बसवलेत म्हणालात, तिथेही बघा. हँडगार्डचा टोकाचा क्लॅम्प किंवा बार एंडचं (हँडलच्या टोकाचं) वजन मुठीच्या रबराला घासत असेल तर मूठ सरळ परत येत नाही, अडखळते. मुठीच्या टोकाला आणि त्या वजनाला मध्ये व्हिजिटिंग कार्ड सहज सरकेल एवढी फट हवी. जाड फोमचे कव्हर किंवा हीटेड ग्रिप नंतर बसवले असतील तर हेच.

आता मागचा ब्रेक स्विच. बऱ्याच गाड्यांत हा फूटरेस्टच्या आत, स्प्रिंगने पेडलला जोडलेला असतो, चिखल-पाणी सगळं त्याच्यावर उडतं. पेडलची उंची कुणी बदलली असेल, उंच बूट घेतल्यावर किंवा पेडल वाकून सरळ केल्यावर, आणि स्विच त्याप्रमाणे ॲडजस्ट केला नसेल, तर स्प्रिंग कायम ताणलेली राहते. ॲडजस्ट करायला स्विचचा प्लॅस्टिकचा नट फिरवायचा, स्विचची बॉडी हाताने धरून, नाहीतर आतल्या वायरी पिळल्या जातात. ब्रेक पकडायला सुरुवात होण्याच्या जरा आधी लाइट लागला पाहिजे, पेडलला नुसता पाय लागल्यावर नाही. काही गाड्यांत स्प्रिंगच्या जागी ब्रेक लाइनवरच प्रेशर स्विच असतो, त्याला ॲडजस्टमेंट नाही, खराब झाला की बदलायचाच, आणि तो बदलला की त्या लाइनची हवा काढावी लागते, हे काम ज्याला येतं त्याच्याकडूनच करा.

टॉप बॉक्सच्या ब्रेक लाइटबद्दल मला खरंच काळजी वाटते. तुमच्या टेल लाइटच्या वायरवर क्लिप दाबून दुसरी वायर जोडलेली असणार, बहुतेक दुकानात तसंच करतात. ती क्लिप वायरीच्या आत एक-दोन तारा कापते, पाऊस आत जातो, हिरवा गंज चढतो. त्यातून ब्रेक लाइटचा व्होल्टेज अधूनमधून भलतीकडून येतो. आणि काही जण ब्रेक लावल्यावर लुकलुकणारं छोटं मॉड्यूल टाकतात, ते मॉड्यूल लाइन चालू-बंद करताना उलटा व्होल्टेज सोडू शकतं आणि ईसीयू त्याला ब्रेक समजतो. म्हणून बॉक्स काढून ठेवून चालणार नाही, बॉक्सचा कपलर (वायरींचा प्लग) आणि तो जोड दोन्ही पूर्ण मोकळे करून टेस्ट करा. फॉग लाइटचंही तसंच, त्याला रिले (लाइटला थेट बॅटरीचा करंट देणारा स्विच) आणि स्वतःचा फ्यूज आहे का, का कुठली तरी सोयीची वायर पकडून जोडलंय? फॉग लाइट लावल्यावरच क्रूझ सुटतं का, दिवसा सुटतं का रात्री, हे लिहून ठेवा. गाडी सुरू असताना ४-५ हजार आरपीएमला बॅटरीवर मल्टीमीटर लावा, सगळे लाइट चालू ठेवून साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला पाहिजे. १३च्या खाली घसरत असेल तर क्रूझ बाजूला ठेवा, आधी चार्जिंग बघा.

जुन्या टूरर गाड्या असणाऱ्यांसाठी इथेच एक सांगून ठेवतो, कारण अशा गाड्या आता आपल्याकडेही सेकंडहँड फिरतायत. बाहेरून बसवलेल्या क्रूझ किटमध्ये आणि काही जुन्या सिस्टीममध्ये क्रूझचं मॉड्यूल ब्रेक लाइटच्या बल्बमधूनच अर्थिंग शोधतं. बल्ब काढून एलईडी टाकला की ते अर्थिंग मिळत नाही आणि क्रूझ लागणंच बंद होतं. हौसेने एलईडी टाकलेला असतो आणि दोन महिन्यांनी क्रूझचा खर्च काढला जातो. परत साधा बल्ब टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

चाकाचे सेन्सर. यात बिघाड असेल तर सहसा एबीएसचा दिवा लागतो आणि कोडही येतो, तुमच्याकडे तसं नाही, म्हणून मी हे खालच्या नंबरवर ठेवतो. पण क्रूझ सुटतानाच्या क्षणी ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा एकदा जरी लुकलुकला तर हे वर आणा. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे टायर काढताना पहारीचा धक्का लागून सेन्सरची दातेरी रिंग किंचित वाकते, किंवा सेन्सरचा ब्रॅकेट, आणि मग दर फेऱ्याला एक सिग्नल जरा मागेपुढे येतो. रिंग हाताने फिरवून बघा, सेन्सर आणि रिंगमधली फट सगळीकडे सारखी, एक मिलिमीटरच्या आसपास दिसली पाहिजे, ब्रेक पॅडच्या लोखंडाची काळी भुकटी आणि चिखल मऊ ब्रशने साफ करा. टायरचा साइझ बदललाय का तेही सांगा. मागे १५०/७०-१७ च्या जागी १४०/८०-१७ टाकला तर चाकाचा व्यास साधारण दोन टक्के वाढतो, एवढं ईसीयू सहसा खपवून घेतो, पण त्याच वेळी पुढचा टायर पार गुळगुळीत झालेला असेल तर दोन चाकांच्या स्पीडमधला फरक वाढतो आणि चाक घसरतंय असं सिस्टीमला वाटू शकतं.

शिवाय तुमचा रस्ताही बघा ना. साताऱ्यापासून कागलपर्यंत रुंदीकरणाची कामं, डायव्हर्जन, बारीक खडी, पुलांचे जॉइंट. खडीवर मागचं चाक जरा जरी फिरलं तरी ट्रॅक्शन मध्ये पडतं आणि क्रूझ सुटतं, आणि ते बरोबरच आहे. तुमचं क्रूझ पुढे हुबळी-चित्रदुर्गच्या चांगल्या पट्ट्यातही असंच सुटत होतं का? याचं उत्तर "नाही" असेल तर गाडीत काही बिघाड नसण्याची शक्यताही आहे. डायव्हर्जनमध्ये आणि पावसात क्रूझ लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं करूनही सापडलं नाही तर मग सर्व्हिस सेंटरला जा, पण त्यांना "कोड बघा" म्हणू नका, "लाइव्ह डेटा दाखवा" म्हणा. म्हणजे प्रत्येक स्विच आणि सेन्सर त्या क्षणी काय सांगतोय ते. चावी चालू, इंजिन बंद. स्क्रीनवर पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, क्लच, मुठीचे दोन्ही सेन्सर आणि थ्रॉटल पोझिशन एकत्र उघडायला सांगा. मग तुम्ही लिव्हर अगदी सावकाश ओढा, केसभर, आणि सोडा. हँडल डाव्या टोकापर्यंत, मग उजव्या टोकापर्यंत फिरवा, हँडल रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) बसवलेले असतील तर टोकाला वायरी ताणल्या जातात आणि तिथेच सिग्नल हलतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने स्विचजवळ हलकं टकटक करा, टँकखालून जाणारी वायरिंग हलवा. जे रीडिंग तुम्ही हात न लावता बदलेल, तो चोर. एक अडचण अशी की बरेच स्कॅनर स्क्रीनवरचा आकडा सेकंदातून काही वेळाच बदलतात, त्यामुळे एका झटक्याचा सिग्नल निसटून जातो. म्हणून मी संशय पक्का झाला की स्विचचा कपलर सोडून थेट मल्टीमीटर लावतो, आवाजाच्या सेटिंगवर (जोड लागला की बीप होतो ती), आणि लिव्हर हलवतो. चांगला स्विच एकदाच टक करून लागतो किंवा सुटतो. खराब स्विच मधल्या जागेवर किरकिर करतो, ती किरकिर कानाला लगेच कळते. स्विच काही शे रुपयांचा असतो, असेंब्ली काही हजारांची, म्हणून ही अर्ध्या तासाची मेहनत करायचीच.

मध्येच एकदा क्रम सांगून ठेवतो, वर लांबण लागलीय म्हणून: आधी जुने लिव्हर, मग पाय-हात-मुठीची चाचणी आणि मागून ब्रेक लाइट बघणं, मग टॉप बॉक्स आणि फॉगचे जोड मोकळे करणं, मग मागचा स्विच आणि चाकं, आणि शेवटी लाइव्ह डेटा. एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम केलं तर प्रश्न जातो पण कशाने गेला ते कळत नाही, आणि पुढच्या पावसात परत येतो.

पावसावरून आठवलं, वॉशिंग सेंटरला प्रेशरचा पाइप हँडलच्या स्विचवर मारू देऊ नका. मला जे स्विच गंजलेले मिळतात त्यातले बरेच पावसाने खराब झालेले नसतात, धुण्याने झालेले असतात. कोकणात राहणाऱ्यांनी तर पावसाळ्याआधी कपलर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारून थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून घ्यावं.

हाच धागा वाचणाऱ्या ज्यांचा प्रश्न जरा वेगळा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रूझ लागतंच नाही आणि खूणही येत नाही, तर इंजिनचा किंवा एबीएसचा दिवा लागलाय का बघा, तो असेल तर बहुतेक गाड्या क्रूझ देतच नाहीत, आधी तो कोड सोडवा. खूण येते पण सेट होत नाही, तर ब्रेक लाइट कायम चालू राहिलाय का ते रात्री भिंतीसमोर उभं राहून बघा. क्रूझ लागतं पण गाडी पुढे-मागे हेलकावे खाते, तर क्रूझला दोष देण्याआधी चेन बघा. ढिली किंवा कुठे घट्ट-कुठे सैल झालेली चेन आणि मागच्या हबमधले झिजलेले रबर यामुळे ईसीयू थोडं उघडतो, गाडी झटका मारते, तो थोडं बंद करतो, परत झटका. त्यानंतर एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी. खंबाटकीच्या चढावर सहाव्या गिअरला स्पीड पडून क्रूझ सुटत असेल तर काही बिघाड नाही, इंजिनकडे त्या आरपीएमला तेवढी ताकद नाही, मागे बसलेलं माणूस आणि तीन बॉक्स असतील तर पाचव्यात घ्या किंवा घाटात हाताने चालवा. रडारवाली ॲडॅप्टिव्ह क्रूझ असेल, जी २०२०च्या सुमारास डुकाटीच्या मल्टिस्ट्राडा व्ही४पासून मोटरसायकलवर आली, तर पुढच्या रडारवर चिखल किंवा किडे चिकटलेत का तेवढं आधी पुसा.

केबलवाल्या जुन्या गाड्यांचं गणित वेगळं. होंडाच्या १८०० सीसी गोल्ड विंगमध्ये २०१७ पर्यंत थ्रॉटल केबलने चालायचा आणि क्रूझची वेगळी मोटर स्वतःच्या केबलने तो ओढायची, २०१८ पासून तिथे राइड बाय वायर आलं. हार्लेच्या टूरिंग गाड्यांत हा बदल २००८ला झाला. केबलवाली गाडी असेल तर क्रूझच्या केबलचा प्ले आणि ती कुठे अडकत नाही ना हे पहिल्यांदा बघायचं, स्विच नंतर. आणि दुसऱ्या टोकाला आता क्रूझ एकदम छोट्या गाड्यांवर आलंय, २०२३ला अपाचे आरटीआर ३१०वर, २०२५ला थेट १२५ सीसीच्या ग्लॅमर एक्सवर, कारण राइड बाय वायर आलं की क्रूझसाठी वेगळं सामान फारसं लागत नाही. म्हणजे हे प्रश्न पुढे वाढणारच आहेत, आणि गावोगावच्या मेकॅनिकला हे माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र कुणीही, कितीही अनुभवी मेकॅनिकने सुचवली तरी करू नका. ब्रेक किंवा क्लचच्या स्विचची वायर तोडून किंवा दोन वायरी जोडून "आता क्रूझ कधीच सुटणार नाही" असा इलाज काही ठिकाणी करतात. अशा गाड्या माझ्यासमोर आल्यात. क्रूझ खरंच सुटत नाही मग, तुम्ही ब्रेक दाबला तरी इंजिन ओढत राहतं, किंवा क्लच दाबला की इंजिन किंचाळत वर जातं, आणि ब्रेक लाइट लागत नाही म्हणून मागचा ट्रकवाला तुम्हाला बघतच नाही. आपोआप सुटणारं क्रूझ म्हणजे नुसता त्रास आहे, न सुटणारं क्रूझ माणूस मारू शकतं. कुणाचं क्रूझ कधी अडकलंच तर क्लच पूर्ण दाबा आणि त्याच वेळी किल स्विच बंद करा, ब्रेक लावून कडेला घ्या, आणि ती गाडी तिथून टेम्पोतच न्या.

दुरुस्ती झाल्यावर मेन स्टँडवर मागचं चाक फिरवून क्रूझ टेस्ट करू नका, पुढचं चाक थांबलेलं आणि मागचं पळतंय म्हटल्यावर एबीएस-ट्रॅक्शनचे दिवे लागतात आणि नवीनच गोंधळ होतो. टेस्ट रस्त्यावरच, मोकळ्या सरळ पट्ट्यावर, आणि चौपदरी रस्त्यावर दुचाकीला २०१८च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे ८०ची कमाल मर्यादा आहे तिच्या आतच. प्रत्येक वेळी क्रूझ लावून एकेका मार्गाने सोडवा: फक्त पुढचा ब्रेक हलका, फक्त मागचा, फक्त क्लच, फक्त मूठ पुढे, फक्त कॅन्सलचं बटण. पाचही मार्गांनी ते लगेच सुटलं पाहिजे आणि यातलं काहीच न करता दहा-पंधरा किलोमीटर टिकलं पाहिजे. एका जरी मार्गाने सुटलं नाही तर तो स्विच दुरुस्त होईपर्यंत क्रूझ वापरू नका.

जुने लिव्हर लावून काय झालं आणि मागून बघणाऱ्याला ब्रेक लाइट दिसला का नाही, ही दोन उत्तरं मिळाली की कळवा. सोबत गाडीचं मॉडेल, टायरचा साइझ आणि टॉप बॉक्सच्या वायरीचा जोड जिथे दिलाय तिथला एक जवळून काढलेला फोटो टाका, त्यावरून पुढचं सांगतो.